महामारीतील रेडिओवरच्या गप्पा आणि एका कारकुनाची चूक

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. माझे बोलणे काउंटरच्या काचेपलीकडच्या माणसाशी. तेही "सही इथे करा", "पासबुक उद्या मिळेल" एवढेच. तरीसुद्धा आपल्या चिटणीसांनी आग्रह केला की, करोनाच्या काळात तुम्ही रेडिओवर बोलत होता, तो अनुभव मुलांना सांगा. अनुभव सांगायचा म्हणजे त्यातली चूकही सांगावी लागते. चूक वगळून सांगितलेला अनुभव म्हणजे नुसती जाहिरात. म्हणून आज मी माझी एक चूकही तुमच्यासमोर ठेवणार आहे.

प्रथम त्या दिवसांची आठवण करून देतो. आज समोर बसलेली सातवी-आठवीतील मुले त्या वेळी अगदी लहान होती. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी करोनाची साथ ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सारा देश एकवीस दिवसांसाठी बंद झाला. पुढे ती मुदत वाढत गेली. आठवडे बाजार बंद, शाळा बंद, एस. टी. बंद. शिंप्याचे दुकान, चहाची टपरी, रिक्षा, लग्नाचा बँड, मंडपवाला, सारेच थांबले. केशकर्तनालये तर आपल्या राज्यात २८ जून २०२० पर्यंत उघडली नाहीत आणि उघडली तेव्हाही फक्त केस कापायला परवानगी होती, दाढीला नाही. ज्यांचे पोट रोजच्या कमाईवर आहे त्यांच्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले. आजारापासून वाचायचे कसे आणि वाचलो तर खायचे काय?

बँक मात्र चालू होती. आमच्या खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस पैशाच्या कामाबरोबर एक प्रश्न घेऊन येई. त्याला सविस्तर उत्तर द्यायला वेळ नसे, कारण मागे रांग असे. वर्तमानपत्र घरी येणे अनेक ठिकाणी बंद झाले होते. मोबाइलवर जे फिरत होते त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे कळायला मार्ग नव्हता.

आमच्या गावापासून चार किलोमीटरवर एका शिक्षणसंस्थेचे लहानसे रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्राला सामुदायिक रेडिओ म्हणतात. त्याचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत ऐकू येतो. साध्या बटणांच्या फोनमध्येही तो लागतो. कानात घालायची वायर जोडली की तीच अँटेनाचे काम करते.

विद्यार्थी मित्रांनो, या रेडिओमागे थोडा इतिहास आहे. पूर्वी आपल्या देशात रेडिओ म्हणजे आकाशवाणी एवढेच समीकरण होते. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. न्यायपीठावर आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना असे छोटे केंद्र काढण्याची मुभा मिळाली. २००८ च्या ऑक्टोबरात त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो चालवणाऱ्या स्त्रिया शेतमजुरी करणाऱ्या दलित कुटुंबांतल्या. ज्यांचे म्हणणे गावच्या पारावर कोणी ऐकून घेतले नसते, त्यांचा आवाज शेजारच्या कित्येक गावांत घरोघरी पोहोचला. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे केंद्र आहे. ज्या चळवळीतून ते उभे राहिले त्याच चळवळीने १९९७ साली ग्रामीण स्त्रियांची सहकारी बँक काढली. संस्थापक सभासद निरक्षर आहेत म्हणून त्या बँकेचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुमचे अधिकारी यंत्राशिवाय करतील का, असे त्यांनी विचारले. मी बँकेतला माणूस, म्हणून मला या गोष्टीचे विशेष अप्रूप आहे. करोनाच्या काळात नाशिकच्या 'रेडिओ विश्वास'ने जिल्हा परिषदेच्या शाळांतील तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी रेडिओवरून धडे दिले आणि त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता आमच्या केंद्राकडे वळतो. तिथल्या निवेदिका आमच्या शाखेच्या खातेदार. एप्रिल २०२० च्या पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "दादा, लोक आम्हाला फोन करून बँकेचे प्रश्न विचारतात. आम्हाला उत्तरे येत नाहीत. संध्याकाळी सात ते आठ तुम्ही फोनवर बसाल का?" मी शाखाधिकाऱ्यांना विचारले. त्यांनी दोन अटी घातल्या. बँकेचे नाव घ्यायचे नाही आणि कोणाच्याही खात्याबद्दल बोलायचे नाही. अशा रीतीने मी घरी स्वयंपाकघरात बसून रेडिओवर बोलू लागलो. निवेदिकाताई त्यांच्या घरी. आवाज घुमू नये म्हणून त्यांनी खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या.

पहिला मोठा प्रश्न जनधन खात्यांचा आला. स्त्रियांच्या जनधन खात्यांत एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा होणार होते. गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकाप्रमाणे दिवस ठरवून दिले होते. शेवटी शून्य किंवा एक असेल तर ३ एप्रिल, दोन किंवा तीन असेल तर ४ एप्रिल, चार-पाचला ७, सहा-सातला ८ आणि आठ-नऊला ९ एप्रिल. हे परिपत्रक आम्ही शाखेच्या दारावर चिकटवले होते. पण ते वाचायला आधी दारापर्यंत यावे लागे, आणि दारात आले की गर्दी झालीच. शिवाय एक अफवा पसरली होती की पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार परत घेणार.

त्या संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला अंक वाचता येत नाहीत. माझा शेवटचा अंक कोणता ते कसं कळणार?" त्या क्षणी मला आमच्या परिपत्रकाची उणीव कळली. निवेदिकाताईंनी लगेच उत्तर दिले, "मावशी, शेजारच्या शाळेतल्या मुलाला पासबुक दाखवा. फक्त शेवटचा अंक विचारा, बाकी काही सांगू नका." मग मी सांगितले की पैसे कुठेही परत जात नाहीत. ९ तारखेनंतर कोणत्याही दिवशी काढता येतील. हे आम्ही रोज दोनदा सांगू लागलो. दुसऱ्या दिवशी रांगेतल्या काही बाया मला म्हणाल्या, "तुमचाच आवाज ना काल?" मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता, पण आवाज ओळखला गेला होता.

या एका फोनवरून मला एक गोष्ट कळली. काउंटरवर माणूस प्रश्न विचारायला लाजतो. मागचा हसेल, साहेब खेकसेल अशी त्याला भीती असते. रेडिओवर मात्र न दिसता विचारता येते. आणि एकीने धीर करून विचारले की घरी बसलेल्या पुष्कळांचा तोच प्रश्न सुटतो. पैशाचे अज्ञान ही लपवून ठेवायची गोष्ट नाही, हे त्या फोनने अनेकांना शिकवले. मीही त्यात आलो.

आता माझ्या चुकीविषयी.

२७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांसाठी सवलत जाहीर केली. १ मार्च ते ३१ मे या काळातले हप्ते पुढे ढकलण्याची परवानगी बँकांना मिळाली. नंतर ही मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली. रेडिओवर पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा तास संपत आला होता. एका रिक्षावाल्या भावाने रडवेल्या आवाजात विचारले, "हप्त्याचं काय?" त्याला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "काळजी करू नका. सध्या हप्त्यांतून तुमची सुटका झाली आहे." वाक्य संपले आणि तासही संपला. व्याज चालूच राहील, हा उरलेला अर्धा भाग सांगायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी सांगू असे मी ठरवले. दुसऱ्या दिवशी वेगळेच प्रश्न आले. पुढे एकदा मी ओझरते "व्याज लागेल हं" असे म्हणालो. पण "सुटका" हा शब्द गावभर पोहोचला होता, आणि "व्याज लागेल हं" कोणाच्या लक्षात राहिले नव्हते.

सप्टेंबर महिन्यात हप्ते पुन्हा सुरू झाले. एका संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचा फोन आला. त्यांनी दोन यंत्रांसाठी कर्ज घेतले होते. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "दादा, तुम्ही सुटका झाली म्हणाला होता. मग माझ्या खात्यावर हे तीन हजार रुपये जास्तीचे कसले?"

सारा टापू ऐकत होता. क्षणभर वाटले, लाइन तुटल्याचे निमित्त करावे. निवेदिकाताई गप्प राहिल्या. त्यांनी मला वाचवले नाही, आणि ते बरोबरच केले. मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं. मी अर्धंच सांगितलं. आज पूर्ण सांगतो. तुम्ही कागद-पेन्सिल घ्या."

मग आम्ही रेडिओवरच हिशेब मांडला. तोच विद्यार्थ्यांसाठी इथे पुन्हा मांडतो. समजा, १ मार्चला बाकी ५०,००० रुपये आहे आणि व्याज सालाचे शेकडा १२, म्हणजे महिन्याचे शेकडा एक. पहिल्या महिन्याचे व्याज ५०० रुपये. ते भरले नाही, म्हणून बाकी ५०,५०० झाली. दुसऱ्या महिन्याचे व्याज त्या रकमेवर, म्हणजे ५०५ रुपये. असे सहा महिने चालले की ऑगस्टअखेर बाकी होते ५३,०७६ रुपये. म्हणजे ३,०७६ रुपयांची वाढ. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने एक योजना आणली. दोन कोटींपर्यंतच्या ठरावीक प्रकारच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांत व्याजावर जे व्याज चढले, तेवढे सरकार देणार होते. आमच्या उदाहरणात सरळ व्याज होते ३,००० आणि चक्रवाढीने होते ३,०७६. म्हणजे सरकारकडून मिळाले सुमारे ७६ रुपये. मूळचे ३,००० रुपये ज्याचे त्यालाच भरायचे होते. "व्याजमाफी" असा मथळा वाचून आनंदलेल्या माणसाच्या हातात शहात्तर रुपये पडले.

हिशेब संपल्यावर ताई म्हणाल्या, "हे आधी कळलं असतं तर मी महिन्याला पाचशे तरी भरत राहिले असते. मास्क शिवून तेवढे मिळत होते. मी त्या पैशांचं गणवेशाचं कापड घेऊन ठेवलं. शाळा उघडतील म्हणून." शाळा उघडल्या नाहीत. ते कापड तसेच पडून राहिले.

बंधू-भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. मी खोटे बोललो नव्हतो. सवलत खरी होती. ज्याच्या घरी चूल पेटत नव्हती त्याला ती घेणे भागच होते. पण ज्याला थोडे भरणे शक्य होते, त्याला निवड करण्यासाठी पूर्ण माहिती हवी होती. ती मी दिली नाही. दिलासा देण्याच्या भरात मी हिशेब गाळला. गरीब माणसाशी गोड बोलून अर्धे सांगणारे सावकार आपल्या आजोबांनी पाहिले होते. माझा हेतू तसा नव्हता, पण त्या ताईंच्या वहीत परिणाम तोच उमटला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. पैशाबद्दलचे प्रत्येक उत्तर तीन भागांत द्यायचे. काय मिळते, त्याची किंमत काय पडते आणि ते कोणाला मिळत नाही. तिसरा भाग सांगायला सर्वांत अवघड, कारण तो ऐकून माणूस निराश होतो. पण तो न सांगता पाठवलेला माणूस चार कार्यालयांच्या पायऱ्या झिजवून निराश होतो, आणि त्यात त्याचा रोज बुडतो.

या तिसऱ्या भागाचे एक उदाहरण देतो. आमच्या गावात एक बँड पथक आहे. मालक आपल्यातलेच. लग्नाला पन्नासच माणसे अशी मर्यादा आली तेव्हा बँड कोण सांगणार? पुढे एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसांत आणि दोन तासांत लग्न उरका, असा हुकूम निघाला. सलग दोन हंगाम गेले. या गृहस्थांनी २०२० च्या मे महिन्यात बँडच्या ध्वनिक्षेपकाच्या गाडीवर कांदे-बटाटे घातले आणि गल्लोगल्ली विकू लागले. ज्या भोंग्यातून वरातीची गाणी वाजत, त्यातून कांद्याचा भाव ऐकू येऊ लागला. जून २०२० पासून फेरीवाल्यांसाठी प्रधानमंत्री स्वनिधी योजना आली. दहा हजार रुपयांचे भांडवली कर्ज आणि वेळेवर फेडल्यास व्याजात सात टक्के अनुदान. त्यांनी रेडिओवर फोन केला. मी तिन्ही भाग सांगितले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे २४ मार्च २०२० रोजी किंवा त्यापूर्वी शहरात फेरीचा धंदा करत असलेल्यांनाच ते कर्ज मिळणार होते. ते हसून म्हणाले, "म्हणजे साथीमुळे जो फेरीवाला झाला, त्याला साथीची मदत नाही!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या वर्षी, १३ एप्रिल २०२१ रोजी, कडक निर्बंध जाहीर करताना राज्य सरकारने नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक आणि घरेलू कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपयांची मदत जाहीर केली. बँडवाला त्यात नव्हता. त्या संध्याकाळी रेडिओवर "नोंदणीकृत" या एकाच शब्दावर तासभर चर्चा झाली. गवंड्याच्या हाताखाली वीस वर्षे काम केलेले लोक म्हणाले, आमची नोंद कुठे असते? नोंदणी कशी होते, कागद कोणते लागतात, ठेकेदाराकडून नव्वद दिवस काम केल्याचा दाखला कसा घ्यायचा, ही माहिती आम्ही तेव्हा सांगायला लागलो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा तो प्रकार होता. हा धडा आपल्या संस्थेनेही घेण्यासारखा आहे.

आणखी एक प्रसंग सांगतो. एका किराणा दुकानदाराला करोना झाला. उपचार घेऊन तो बरा होऊन आला आणि विलगीकरणाची मुदतही संपली. तरी त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढेना. त्याच्या घरची भांडी घासायला येणारी बाई येईना. त्याने रेडिओवर फोन केला आणि म्हणाला, "आजारानं मारलं नाही, पण गाव मारतंय." यानंतर एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. ते निवृत्त शिक्षक, आपल्याच समाजातले. ते म्हणाले, "ताई, तुम्ही रोज 'सामाजिक अंतर पाळा' असं सांगता. तो शब्द कृपा करून वापरू नका. सामाजिक अंतर काय असतं ते आमच्या बापजाद्यांनी भोगलं आहे. साथीत अंतर शरीराचं ठेवायचं असतं. या दुकानदाराला जे वाटतंय ते मला माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे, आणि म्हणून उद्या सकाळी त्याच्या दुकानातून साखर घ्यायला मी जाणार आहे."

दुकानदार त्या समाजातला नव्हता. गुरुजींना पूर्वी त्या आळीत काय वागणूक मिळाली असेल याची कल्पना तुम्हाला करता येईल. तरी ते गेले. मास्क लावून, सहा फुटांवर उभे राहून त्यांनी किलोभर साखर घेतली. दुकानावर लगेच झुंबड उडाली असे मी म्हणणार नाही. पण चार-दोन गिऱ्हाईके येऊ लागली. त्या दिवसापासून आमच्या केंद्राने "शारीरिक अंतर" हाच शब्द धरला. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच हा शब्दबदल केला होता. आम्हाला मात्र तो गुरुजींनी शिकवला, तोही कारणासहित.

बाबासाहेबांचे रेडिओवरील एक भाषण ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून प्रसारित झाले होते. आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत आहे, असे त्यांनी त्यात सांगितले. कायदा स्वातंत्र्याची आणि समतेची पुरती हमी देऊ शकत नाही, खरे संरक्षण बंधुतेतच आहे, असा त्या भाषणाचा आशय आहे. गुरुजींची साखर मला त्या संदर्भात आठवते. संचारबंदीचा हुकूम कायद्याने काढता येतो. पण बरा झालेल्या माणसाच्या दुकानातून साखर घ्या, असा हुकूम कोणताही कायदा काढू शकत नाही.

मी रेडिओचे गोडवे गात नाही. आमच्या केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नव्हती. टापू लहान होता. वीज गेली की बोलणे अर्ध्यावर तुटे. ज्यांच्या घरी फोनच नव्हता ते आमच्यापर्यंत पोहोचले नाहीत, आणि कदाचित तेच सर्वांत गरजू होते. जाहिरातींचे उत्पन्न आटल्याने केंद्र चालवणेही कठीण झाले होते. जाहिरातींची मर्यादा तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांपर्यंत वाढवण्याचा विचार मे २०२० मध्ये बोलून दाखवला गेला, पण ती प्रत्यक्ष वाढली २०२४ साली. तरीही या छोट्या रेडिओत एक गुण होता. बोलणारा आणि ऐकणारा एकाच गावचे होते. मी चुकलो तेव्हा ताईंना मला जाब विचारता आला. मोबाइलवर फिरणाऱ्या निनावी मजकुराला असा जाब विचारता येत नाही. तो कोणी लिहिला हेच कळत नाही.

आता शेवटी दोन गोष्टी मांडून आपली रजा घेतो.

पहिली गोष्ट आपल्या संस्थेसाठी. आपल्याकडे सभागृह आहे, वाचनालय आहे. महिन्यातून एक रविवार, दोन तास, लोकांनी आपापली कागदपत्रे घेऊन यावीत. बँकेची नोटीस, कर्जाचा खातेउतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, कामगार नोंदणीचा फॉर्म. आपल्यात बँकेतले आहेत, महसूल खात्यातले आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. प्रश्न सर्वांसमोर मोठ्याने विचारावा आणि उत्तर तीन भागांत द्यावे. काय मिळते, किंमत काय आणि कोणाला मिळत नाही. पुढचे संकट कोणते असेल ते सांगता येत नाही. पण ते येईल तेव्हा आपल्या बँडवाल्याचे, गवंड्याचे, घरकाम करणाऱ्या ताईचे नाव कुठल्या तरी यादीत आधीपासून असले पाहिजे. माझी सेवा यासाठी हजर आहे.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. तुम्ही घरातले पहिले शिकलेले असाल, तर घरातली, शेजारची माणसे तुमच्याकडे कागद घेऊन येतील. "यात काय लिहिलंय रे बाळा?" असे विचारतील. तेव्हा घाई करू नका. मथळा वाचून सांगू नका. शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि वाईट भागही सांगा. जे कळले नाही ते "कळले नाही, विचारून सांगतो" असे म्हणा. शिकलेल्या माणसाच्या तोंडच्या अर्ध्या वाक्यावर न शिकलेला माणूस आपला सारा संसार उभा करतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मला ते शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी शिकवले, आणि त्या शिकवणीची फी त्यांनी स्वतःच्या खिशातून भरली.

त्या ताईंचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणार. त्यांचा हप्ता होता १,६६० रुपयांच्या आसपास. सारे सुरळीत असते तर कर्ज फेब्रुवारी २०२३ मध्ये फिटले असते. सहा महिने थांबल्यामुळे आणि व्याज चढल्यामुळे ते फिटायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. शेवटचा हप्ता भरायला त्या माझ्याच खिडकीशी आल्या. पावतीवर शिक्का मारून मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या, "दादा, आता म्हणा सुटका."

मी म्हणालो, "ताई, आधी बँकेचा बेबाकी दाखला घ्या. मग म्हणतो."

त्या हसल्या आणि दाखल्यासाठी बाकावर जाऊन बसल्या. माझे बोलणे संपले.